‘ड्रॉवरमध्ये कोंबलेला साप’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर देत बसू नको, असं मला ओळखीच्यांनी सांगितलं. पण तिच्यातलं एक वाक्य तसंच राहू दिलं, तर पहिल्यांदाच बॉल पायथन (आफ्रिकेतला, पाळला जाणारा एक बिनविषारी अजगर) आणणारा एखादा वाचक ते खरं धरून चालेल आणि त्याची किंमत सापाला मोजावी लागेल. म्हणून लिहिते आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की लहान बॉल पायथन घरी आणल्यावर त्याला एकदम मोठ्या, मोकळ्या काचेच्या पेटीत सोडू नका. आधी आडोसा, मग उष्णता, मग आर्द्रता आणि त्यानंतर लांबी-रुंदी, असा क्रम धरा. सुरुवातीला पिल्लाला साधा प्लास्टिकचा टबसुद्धा चालतो. त्यावर ‘प्राणिप्रेमी’ या नावाने तुम्ही लिहिलंत:

“ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. सापाला ड्रॉवरमध्ये कोंबायचं आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं, ही निव्वळ ब्रीडर लोकांची सोय आहे. साप बिळात राहतो ही जुनी समजूत, ते झाडावरही चढतात. त्याला पूर्ण ताणून पडता आलं पाहिजे. जाळीच्या झाकणाला नावं ठेवलीत आणि यूव्हीबी दिव्याबद्दल चकार शब्द नाही. तुमच्यासारख्यांमुळेच हे जीव तडफडून मरतात.”

‘जरा अभ्यास करून’ म्हणजे काय, हे आधी तुम्ही सांगायला हवं होतं. समोरच्याने काय वाचलंय, किती वर्षं साप सांभाळलेत, कितीदा रात्री उठून पेटीची उष्णता ठरलेल्या अंशावर ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटचा आकडा तपासलाय, यातलं काहीही ठाऊक नसताना पहिल्याच ओळीत त्याला अडाणी ठरवायचं, ही चर्चेची रीत नाही. ‘ताई’ म्हणून सुरुवात केली की पुढचं काहीही बोलायला मोकळीक मिळते, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. मतभेद मला चालतात. याच लेखाखाली एका वाचकाने पेटीच्या तळाला अंथरायला कोकोपीटऐवजी (नारळाच्या काथ्याच्या भुशाऐवजी) सायप्रसच्या सालीचा भुसा का चांगला, हे मुद्देसूद लिहिलं होतं आणि त्याचे मी मनापासून आभार मानले होते. त्याने मला एकदाही अभ्यास करायला सांगितलं नाही.

आता ड्रॉवरकडे येते, कारण तुमचा सगळा राग त्या एका शब्दात आहे.

ड्रॉवर हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. तो तुम्ही आणलात आणि माझ्या तोंडी घातलात. तुमच्या डोळ्यांसमोर जे आहे त्याला रॅक म्हणतात: एकावर एक फळ्या, प्रत्येक फळीत खणासारखा सरकणारा टब, मागच्या बाजूने उष्णतेची पट्टी, आत कागद आणि पाण्याचं भांडं. शेकडो साप ठेवणारे ब्रीडर ती पद्धत वापरतात. पूर्ण वाढलेली मादी जन्मभर अशा खणात ठेवावी, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. असं लिहिलंय अशी एक ओळ दाखवा, मी ती काढून टाकेन.

मी लिहिलं ते पिल्लाबद्दल होतं. टेबलावर ठेवलेला, झाकणाला क्लिपा असलेला, बाजूंना हवेसाठी भोकं पाडलेला टब. त्यात बोटभर खोल कोकोपीट, ऊबदार बाजूला एक आडोसा आणि गार बाजूला दुसरा. दोन्ही आडोसे इतके घट्ट की वेटोळं घालून बसल्यावर सापाची पाठ आणि दोन्ही कुशी भिंतीला टेकल्या पाहिजेत. हा तपशील मी मुद्दाम दिला होता, कारण लोक मोठं, ऐसपैस, दोन्ही तोंडं उघडी असलेलं, अर्धं चिरलेलं पोकळ लाकूड आणतात आणि साप त्याच्या खाली बसत का नाही, असं विचारतात. त्याला अंग टेकायला मिळत नाही, म्हणून बसत नाही. या प्राण्याचं बॉल हे नावच भीतीच्या वेळी तो डोकं मध्ये घेऊन अंगाचा गोळा करतो त्यावरून पडलंय. पळून जाणं किंवा फुत्कारून अंगावर येणं हा त्याचा पहिला स्वभाव नाही. दडून बसणं हाच त्याचा बचाव आहे. तेवढी सोय ज्या पेटीत नाही ती पेटी केवढीही असली, तरी त्याच्यासाठी ती उघडी जागा आहे.

‘ब्रीडर लोकांची सोय’ हे मला सर्वांत जास्त लागलं. मी ब्रीडर नाही. आजवर एकही साप विकलेला नाही. मला हा धडा मिळाला तो एका मादीकडून.

आधीच्या मालकाला ती नकोशी झाली होती, म्हणून माझ्याकडे आली. तिथे तिला पाच फुटी काचेची पेटी होती, तुम्हाला आवडेल अशी. वर जाळीचं झाकण, त्यावर लाल दिवा, आत प्लास्टिकचं एक झाड आणि मधोमध एक अर्धं लाकूड. चारही बाजूंनी काच, त्यामुळे खोलीत कुणी हललं तरी तिला दिसायचं. तिच्या नाकाच्या टोकावरचे खवले घासून गेले होते, खाली गुलाबी कातडं दिसत होतं. रात्रभर काचेच्या कडेने तोंड घासत फिरल्याची ती खूण. अंगावर जुनी कात तुकड्यातुकड्यांनी चिकटलेली होती आणि दोन्ही डोळ्यांवर आधीच्या कातीचे पापुद्रे तसेच होते. डोळे सुरकुतलेले, मंद दिसत होते. पेटीत चिकटवलेला काट्याचा आर्द्रतामापक मात्र सगळं उत्तम असल्याचं दाखवत होता. शेजारी डिजिटल मापक ठेवला तेव्हा हवा किती कोरडी आहे ते कळलं.

मी तिला त्यापेक्षा लहान, बाजूंनी बंद असलेल्या पेटीत हलवलं, दोन घट्ट आडोसे दिले आणि कोकोपीटच्या कोपऱ्यांतून पाणी सोडलं. हे कोपऱ्यातून सोडणं महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे खालचा थर ओला होतो आणि वरचा कोरडा राहतो. वरून फवारा मारत राहिलं तर पोट सतत ओलं राहून खवले कुजायला लागतात. पुढची कात बऱ्यापैकी सलग निघाली, तिच्यासोबत डोळ्यांवरचे पापुद्रेही निघाले. चिमटा लावावा लागला नाही, आणि कुणी लावूही नये. नाक भरून आलं. रात्री ती बाहेर यायची, पण आता शांतपणे, जीभ काढत, पेटीभर हुंगत. खायला लागली हे तर आहेच. बॉल पायथन एरवीही महिनोन्महिने उपाशी राहू शकतो हे मला माहीत आहे, म्हणून नुसत्या खाण्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. घासलेलं नाक बरं होणं मात्र उपासाच्या ऋतूने समजावता येत नाही.

यात आकारापेक्षाही उष्णतेचा आणि हवेचा भाग मोठा आहे, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. मोठी पेटी तापवायची म्हटलं की खालची हीट मॅट (पेटीच्या तळाशी लावायची तापणारी चटई) पुरत नाही, कारण तिने हवा तापत नाही. मग वरून दिवा किंवा सिरॅमिक हीटर येतो. त्याखालची हवा तापून वर जाते, जाळीतून बाहेर पडते आणि जाताना ओलावा घेऊन जाते. ऊबदार बाजूला ३१ ते ३३ अंश, गार बाजूला २५ ते २७, रात्रीसुद्धा २४ च्या खाली नाही आणि आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्के, हे सगळं एकाच वेळी मोठ्या पेटीत टिकवणं जमतं, पण त्यासाठी सरावलेला हात लागतो. नवख्या माणसाला ते पहिल्या आठवड्यात जमत नाही आणि तेवढ्यात पिल्लाच्या नाकातोंडातून फेस यायला लागतो. मग तोंड उघडं ठेवून श्वास घेणाऱ्या सापाचा फोटो मला पाठवतात आणि विचारतात, काय करू? (तेव्हा एकच उत्तर असतं: सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे आत्ताच जा.) ही शिफारस कुणाच्या सोयीची आहे म्हणायची?

झाडाचा मुद्दा मान्य करते. आग्नेय नायजेरियाच्या वर्षावनात झालेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लहान सापांच्या आणि नरांच्या आहारात पक्षी मोठ्या प्रमाणात सापडले, मोठ्या मादींच्या आहारात मुख्यतः सस्तन प्राणी. म्हणजे नर चढतात, हे दिसतं. पेटीत अंगाच्या जाडीची एक पक्की फांदी तिरकी बसवावी, हे वाक्य लेखात हवं होतं. आता घातलं आहे. पण त्यावरून ‘बिळात राहतो ही जुनी समजूत’ असं म्हणणं ही उडी फार लांबची झाली. घाना, टोगो, बेनिन इथून व्यापारासाठी जे साप आणि अंड्यांवर आलेल्या माद्या पकडल्या जातात, त्या उंदीर-घुशींच्या बिळांतून आणि वाळव्यांच्या वारुळांतून खणून काढल्या जातात. पकडणारे बिळंच शोधतात म्हणून तिथे जास्त सापडतात, असं तुम्ही म्हणू शकता, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण मादी अंडी घालायला आणि अंड्यांभोवती वेटोळं घालून बसायला बीळ निवडते, ते काही पकडणाऱ्यांच्या सोयीसाठी नाही. बाहेर माळरान रखरखीत असतानाही वारुळाच्या आत हवा दमट आणि तापमान स्थिर असतं. साप दिवस काढतो तो तिथे. रात्री फांदीवर चढणारा प्राणी दिवसा बिळात राहू शकतो. एकातून दुसरं खोटं ठरत नाही.

बाकीचं थोडक्यात. यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देऊन अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला मदत करणारा, कमी तीव्रतेचा दिवा लावला तर चांगलंच, सावलीची जागा मात्र हवी. अख्खा उंदीर खाणाऱ्या सापाला ड जीवनसत्त्व अन्नातूनही मिळतं, म्हणून नवख्याच्या यादीत मी तो दिवा थर्मोस्टॅटच्या आधी ठेवणार नाही. जाळीच्या झाकणाबद्दल वर लिहिलं. पूर्ण ताणून पडण्याबद्दल: वाढलेल्या सापासाठी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच हे माप मूळ लेखात आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत वाचलं असतंत तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती. मादी त्याहून लांब होते, दीड मीटरपर्यंत जाते, हे मला सांगू नका, ठाऊक आहे. जागा असेल त्याने तिला आणखी मोठी पेटी द्यावी आणि ती पानं, साली, फांद्या, आडोसे यांनी भरून टाकावी. माझा विरोध मोकळ्या जागेला आहे, मोठ्या जागेला नाही. एवढा फरक तुम्हाला करता आला नाही, किंवा करायचा नव्हता.

आता शेवटचं वाक्य. ‘तुमच्यासारख्यांमुळेच हे जीव तडफडून मरतात.’ हे लिहिताना हात जरा थांबायला हवा होता. हा प्राणी किती चिवट आहे याची कल्पना आहे का? सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये दाखल झालेली बॉल पायथन मादी २०२० मध्ये जिवंत होती आणि त्या वर्षी तिने सात अंडी घातली. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता. असा प्राणी घरात दोन वर्षांत मरतो तेव्हा कारणं बहुतेक ठरलेली असतात: थर्मोस्टॅटशिवाय लावलेली मॅट, पोट भाजणारा तापता दगड, हाडासारखी कोरडी हवा, एका पेटीत दोन साप, आणि आणल्याच्या दिवसापासून गळ्यात घालून काढलेले फोटो. यातल्या प्रत्येक गोष्टीविरुद्ध मी वर्षानुवर्षं लिहिते आहे. माझं वाचून कुणी मॅटला थर्मोस्टॅट जोडला असेल, तर त्या सापाच्या जिवाचा हिशेब तुम्ही माझ्या नावावर कुठल्या बाजूला मांडणार?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण त्यात एवढं असू द्या: तुमच्याकडे बॉल पायथन आहे का, असल्यास तो किती वयाचा, त्याच्या पेटीत आडोसे किती आणि कुठे, आणि गार बाजूचं तापमान पहाटे किती उतरतं. हे आकडे घेऊन आलात तर पुन्हा सविस्तर लिहीन. नुसता ‘अभ्यास करा’ असा सल्ला पुन्हा आला, तर उत्तर मिळणार नाही.