पंख्यावर नाव आहे, तलवारीखाली नाही

एका तालुक्याच्या गावातल्या इतिहास मंडळाचं वस्तुसंग्रहालय बघून आलो. नाव सांगत नाही, कारण चालवणारी माणसं पदरमोड करून ते चालवतायत. काचेच्या कपाटात ओळीने तलवारी आणि खाली एकच चिठ्ठी: 'शिवकालीन तलवारी'. कुणाच्या घरातल्या, कुठल्या गावच्या, कोणी आणि कधी दिल्या, काही पत्ता नाही. छताचा पंखा कोणाच्या स्मरणार्थ आहे ते मात्र तिन्ही पात्यांवर लिहिलंय!

इतिहास संशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं. सरकार कधी काही करेल याची वाट बघत बसले नाहीत. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले, त्यातला १८९८ चा पहिला खंड वाईला सापडलेल्या कागदांचा. कागद कुठे मिळाले हे माहीत असतं, तेव्हाच पुढच्या अभ्यासकाला ते पारखून घेता येतात.

वीरगळाचंच बघा, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड. खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या असतील तर गोधन राखताना पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. एवढं दगडच सांगतो. पण तो कुठल्या शिवेवर उभा होता हे न लिहिता ट्रॅक्टरमधून आणून संग्रहालयाच्या आवारात टेकवला, की कुठल्या गावची गुरं, कुठली वाट, हे कायमचं गेलं. वर त्याला कोणीतरी हौसेने ऑइलपेंट फासतो. चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्याची नाणी आणि प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेले मोडी लिपीतले कागद ही त्याच हौसेची भावंडं. लॅमिनेशन तर करूच नका, ते कागदाला धक्का न लावता पुन्हा काढता येत नाही.

कार्यवाहांशी बोललो. त्यांचं म्हणणं, इमारतीला निधी मिळतो, नोंदवही लिहिणाऱ्याला कोण देणार? खरंय. सभागृहाचं उद्घाटन करायला पुढारी येतो, नोंदवहीचं उद्घाटन कधी ऐकलंय? तरीही माझं मत असं की नवं दालन दोन वर्षं थांबलं तरी चालेल, नोंदी थांबून चालणार नाहीत. वस्तू देणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे गेलीत. त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवर नुसतं बोलणं रेकॉर्ड केलं तरी पुष्कळ काम होईल. मुलांना विचारून उपयोग नाही, त्यांना 'माळ्यावर पडलेली होती' एवढंच माहीत असतं.

तिथे दोन कपाटं भरून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, पडलेत, अजून सोडलेलेसुद्धा नाहीत. मोडी वाचता येणारं कोणी रविवारी वेळ देऊ शकत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, गाठ घालून देतो. मानधन नाही. चहा मात्र कार्यवाह स्वतः करतात, बरा असतो.