नकाशे फुकट मिळतात, मग किनाऱ्यासाठी कायदा कशाला?

किनारपट्टीच्या भूस्थानिक माहितीसाठी, म्हणजे नकाशे, जमिनीची उंची, पाण्याची खोली अशा जागेशी जोडलेल्या माहितीसाठी, सरकारने कायदा करावा की नाही, अशी चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. उपग्रहाची छायाचित्रे आता कोणालाही फुकट पाहता येतात, किनारा त्यांत स्पष्ट दिसतो आणि उरलेली मोजणी खासगी कंपन्या स्वस्तात करून देतील. त्यामुळे किनाऱ्याची अशी माहिती जमवून सर्वांना खुली ठेवण्याची जबाबदारी सरकारी संस्थेवर टाकणारा, अमेरिकेने १८ डिसेंबर २०२० रोजी केलेला ‘डिजिटल कोस्ट ॲक्ट’ यासारखे कायदे म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे, असा त्याचा आशय असतो.

पहिला मुद्दा ‘फुकट’ या शब्दाचा. १९८४ मध्ये अमेरिकेने कायदा करूनच ‘लँडसॅट’ या पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या सरकारी उपग्रहांच्या छायाचित्रांची विक्री खासगी हाती सोपवली होती. एका छायाचित्राची किंमत ४,००० डॉलरच्या वर गेली आणि ती अनेक संशोधकांच्या आवाक्याबाहेर राहिली. १९९२ च्या कायद्याने हा कारभार पुन्हा सरकारकडे आला, पुढे किंमत सुमारे ६०० डॉलरपर्यंत उतरली आणि २००८ मध्ये संपूर्ण संग्रह सर्वांना मोफत खुला झाला. ज्या छायाचित्रांच्या जोरावर कायदा अनावश्यक ठरवला जातो, ती छायाचित्रे कायद्यामुळे आणि सरकारी पैशामुळेच फुकट झाली आहेत, हे हा युक्तिवाद पुढे पाठवणाऱ्यांच्या गावीही नसते.

दुसरा मुद्दा ‘दिसणाऱ्या’ किनाऱ्याचा, आणि खरी गफलत इथेच आहे. छायाचित्रात दिसते ती पाण्याची एका क्षणाची कड. बांधकामाची मर्यादा किंवा मालकीची हद्द ज्या भरतीरेषेवरून ठरते, ती मात्र भरतीमापकांच्या दीर्घ नोंदींच्या सरासरीतून निघते. अमेरिकेत ही सरासरी १९ वर्षांची धरतात, कारण भरती-ओहोटीवर परिणाम करणारे चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन १८.६ वर्षांचे असते. उंचीचे गणित त्याहून नाजूक आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या जागतिक मोजणीत जमिनीऐवजी अनेक ठिकाणी झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरे मोजली गेली. ही चूक सुधारून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समुद्राची पातळी वाढल्यास धोक्यात येणाऱ्या लोकसंख्येचा जागतिक अंदाज सुमारे तिप्पट झाला. पाण्याखालची खोली विमानातून मोजायला हिरव्या प्रकाशाचा लेझर लागतो, आणि पाणी गढूळ असेल तर तोही निकामी ठरून बोटीतून ध्वनिलहरींनीच मोजणी करावी लागते. शिवाय जमिनीची उंची आणि समुद्राची खोली वेगवेगळ्या शून्य पातळ्यांपासून मोजलेली असते. त्या जुळवल्याशिवाय पूर कुठवर येईल हे सांगणारा नकाशा विश्वासार्ह होत नाही, आणि ही जुळवाजुळव करणारी ‘व्हीडेटम’ ही प्रणाली अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय संस्थेने, म्हणजे ‘नोआ’ने, तयार केलेली आहे.

खासगी कंपन्या हे काम करतात आणि उत्तम करतात, यात वाद नाही. सरकारी मोजणीची कंत्राटेही पुष्कळदा त्यांनाच मिळतात. प्रश्न मोजणी कोण करतो हा नसून मोजलेले कोणाच्या हाती राहते हा आहे. बंदरासाठी केलेले सर्वेक्षण बंदराच्या हद्दीपाशी थांबते आणि ग्राहकाच्या कपाटात जाते. माहितीतल्या उणिवा शोधून त्या भरणे, निरनिराळ्या स्रोतांचा मेळ घालणे आणि ती सर्वांना सहज मिळेल अशी ठेवणे ही जबाबदारी कोणी आपणहून घेत नाही. २०२० च्या कायद्याने ती नोआवर टाकली. नोआचा ‘डिजिटल कोस्ट’ हा उपक्रम त्याआधी दहा-बारा वर्षे चालू होताच, पण त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता.

खर्चाबद्दल बोलायचे तर या कायद्याने २०२१ ते २०२४ या आर्थिक वर्षांसाठी दरवर्षी ४० लाख डॉलरना मान्यता दिली. एवढ्या लांबलचक किनाऱ्यासाठी या रकमेला उधळपट्टी म्हणणे कठीण आहे. टीकाकारांची एक गोष्ट मात्र रास्त आहे: मान्यता म्हणजे हातात पडलेला पैसा नव्हे, तो दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून वेगळा मिळवावा लागतो. पण यातून कायदा नको असे निघत नाही. निघते ते एवढेच की त्याची मुदत आणि तरतूद दोन्ही तोकड्या होत्या.