‘रंग मारलेलं भंगार’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचं म्हणणं असं की १९६७ च्या ज्या कॉर्व्हेट कन्व्हर्टिबलचं (शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार, छत उघडणारी) मी कौतुक केलं ती म्हणजे रंग मारलेलं भंगार, कारण तिचं इंजिन बदललेलं आहे आणि विकणारा स्वतःच जाहिरातीत तसं सांगतोय, त्यापेक्षा तुम्ही सुचवलेली ती ४२७ (क्युबिक इंच) इंजिनवाली ‘मॅचिंग नंबर’ गाडी, म्हणजे जिचं मूळ इंजिन अजून तिच्यातच आहे अशी, घ्यावी, तिचा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) तुम्ही तपासलाय.

आधी व्हिनचंच बघू. १९६७ च्या कॉर्व्हेट कन्व्हर्टिबलचा व्हिन १९४६७७एस असा सुरू होतो. १९४ म्हणजे कॉर्व्हेट, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल (कूपेला, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीला, ३७), पुढचा ७ म्हणजे साल, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना, मग अनुक्रमांक. संपलं. इंजिन कुठलं ते त्यात नाहीच, ते व्हिनमध्ये आलं १९७२ पासून. म्हणजे साध्या ३२७ वाल्या गाडीला कुणी ४२७ चं बॉनेट आणि बिल्ले लावले तरी व्हिन बरोबरच निघणार.

इंजिन ओळखायचं ते इंजिनच्या ब्लॉकवर, उजव्या सिलेंडर हेडच्या पुढे जो छोटा सपाट पॅड असतो त्यावर ठोकलेल्या नंबरांवरून, आणि घोटाळाही तिथेच होतो, पॅड घासायचा आणि हवे ते नंबर ठोकायचे. घासलं की कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा जातात, म्हणून जाणकार माणूस नंबर वाचायच्या आधी रेघा बघतो (त्यांचीही नक्कल करणारे आहेत). ब्लॉकवरची कास्टिंगची (तो ओतल्याची) तारीख पण बघा, ती गाडी बनल्यानंतरची असेल तर ते इंजिन तिचं नव्हेच.

मला खरा राग आहे तो याचा. या गाड्या लोकांनी मनसोक्त पळवल्या, रेसिंगला नेल्या, इंजिनं फुटली, दुसरी बसवली, त्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. आता नंबर जुळले की किंमत चढते, म्हणून खोटे नंबर ठोकतात. अशा बाजारात एक माणूस स्वतःहून सांगतो की इंजिन त्याच काळातलं आहे पण या गाडीचं नाही, आणि आपण त्यालाच भंगारवाला ठरवायचं? मग उद्या खरं सांगेल कोण?

आता रंगाबद्दल. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही हे खरं, पण तिच्या आत विंडशील्ड आणि दारांच्या भोवती स्टीलचा सांगाडा असतो, बर्डकेज म्हणतात त्याला, तो गंजतो आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. या विकणाऱ्या माणसाने बॉडी फ्रेमवरून उचलली, बर्डकेजचे सडलेले भाग कापून नवे वेल्ड केले, एक फेंडर बदललं तेही लिहिलंय, आणि सगळ्याचे फोटो ठेवलेत. रंग सर्वात शेवटी लागला. याला रंगरंगोटी म्हणणं अन्याय आहे हो.

एक मात्र मान्य, न छेडलेली मूळ गाडी हाती लागली तर तिला हात लावू नये. अमेरिकेतल्या बोलिंग ग्रीनच्या नॅशनल कॉर्व्हेट म्युझियममध्ये २०१४ च्या फेब्रुवारीत जमीन खचून ८ गाड्या खड्ड्यात गेल्या, त्यातल्या ३ च दुरुस्त केल्या, बाकीच्या चेपलेल्या अवस्थेतच ठेवल्या. मला दोन्ही निर्णय पटतात. पण ही गाडी म्युझियमची नाही, छत खाली करून रविवारी चालवायची आहे, आणि त्यासाठी मला धड सांगाडा हवा, नंबर नाही.

तुम्ही सुचवलेल्या गाडीच्या जाहिरातीत पॅडचा एकही फोटो नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी तो मागा, आणि पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यात चिकटवलेला ऑर्डरचा कागद शिल्लक असेल तर त्याचाही, कुठलं इंजिन मागवलं होतं ते त्यावर छापलेलं असतं. फोटो आले की इथेच टाका, मी बघून सांगतो.