जेवण सगळ्यांनी मोजलं, झोप कुणीच नाही

गेल्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. अकरा, एक, तीन, पाच. गजर लावून मी उठायचे. दिवसा शाळेतली नोकरी, त्यात मुलीची दहावी. आठ महिन्यांत माझं वजन ६ किलो वाढलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता मी मनापासून पाळला. एक भाकरी, वाटीभर उसळ, काकडी, साडेसातच्या आत जेवण. दीड महिन्यात जेमतेम अर्धा किलो उतरलं. "ताई, खरं सांगा, अधूनमधून काही खाताय ना?" मला तिथेच रडू आलं. कारण खात होते. तीनची कूस बदलून झाली की पाय आपोआप ओट्याकडे वळायचे. दिवा न लावता, आवाज होऊ नये म्हणून शेवेच्या डब्याचं झाकण पोटाशी दाबून उघडायचं आणि उभ्याउभ्या दोन-तीन मुठी. भूक लागलेली असायची असंही नाही.

याला मी जिभेचे चोचले समजत होते. मग वाचत गेले. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, गोड-तळलेल्याची ओढ लागते, चरबी पोटावर साठू लागते. (काहींची भूक उलट मरते, हेही खरं.) झोप तुटली की पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. शिकागोतल्या संशोधकांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर मी तीनदा वाचला. दहा माणसं, मोजका आहार, दोन आठवडे रोज साडेआठ तास अंथरुणात आणि दोन आठवडे साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा साधारण तेवढंच उतरलं. पण पुरेशी झोप मिळाली तेव्हा चरबी १.४ किलो गेली, झोप कमी पडली तेव्हा फक्त ०.६. चरबीऐवजी स्नायूंसारखा कामाचा भाग झिजला.

म्हणून माझं ठाम मत आहे, बाईच्या हातात आहाराचा तक्ता देण्याआधी तिला विचारा, रात्री किती वेळा उठता? घरात आजारी कोण आहे? हळदीकुंकवाला "जरा तोंडावर ताबा ठेव" म्हणणाऱ्या बायकांनीही विचारा. आणि घरच्यांनी नुसतं विचारून थांबू नये, उठावं.

मी ह्यांच्यासमोर सगळं मांडलं. ते बराच वेळ गप्प होते. त्या रात्रीपासून एकचा आणि तीनचा गजर त्यांच्या मोबाईलवर गेला. शनिवारी नणंद मुक्कामाला येते. अडीच महिन्यांत माझी कंबर ९२ सेंटिमीटरवरून ८९ वर आली. आपल्याकडे बायकांसाठी ८० ची मर्यादा धरतात, म्हणजे अजून बराच पल्ला आहे. तक्ता तोच आहे, भाकरीही एकच.

काल तीनला जाग आली. बाबांच्या खोलीत दिवा होता. "बाबा, जरा डावीकडे वळायचंय हं," ह्यांचा आवाज आला. मी माझी कूस बदलली आणि झोपले.