पहिले नाणे वाचता येणारे घ्यावे

प्राचीन नाण्यांचा संग्रह कशापासून सुरू करावा, असे विचारणाऱ्यांचा डोळा बहुधा गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांवर असतो. माझे उत्तर मात्र ठरलेले आहे: पश्चिमी क्षत्रपांचे, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांचे, चांदीचे एक नाणे घ्या आणि ते पूर्ण वाचता येईपर्यंत दुसरे घेऊ नका. जेमतेम दोन ग्रॅमच्या या नाण्यावर एका बाजूला राजाचे मस्तक, तर दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य आणि भोवती ब्राह्मी लेख असतो. दुसऱ्या रुद्रसेनाच्या नाण्यावर ‘राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’ अशी बापलेकांची नावे हुद्द्यांसह येतात आणि मस्तकामागचे अंक शाबूत असतील, तर शक १९० मध्ये ७८ मिळवून इ. स. २६८ हे साल आपल्यालाच काढता येते.

वाचण्याची सवय नसली की चांगली वस्तू हातची जाते. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. अशा नाण्यावर नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगराच्या कमानी उमटलेल्या असतात आणि नवख्याला ते बिघडलेले वाटते.

नाणे घासू नये, हे मी पदरमोड करून शिकलो. सातवाहनांचे हत्तीछापाचे एक पोटीनचे (तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूचे) नाणे मी देवाच्या तांब्यासारखे चिंच-मीठ लावून घासले. पाच मिनिटांत हिरवट थर निघाला आणि त्याबरोबर हत्तीची उचललेली सोंडही गेली.

चांदीची बनावट नाणी पुष्कळदा साच्यात ओतलेली असतात. पृष्ठभागावर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर कानशीने घासलेली शिवण भिंगातून दिसते. हाताने पाडलेली दोन नाणी हुबेहूब सारखी नसतात, त्यामुळे एकाच जागी एकसारखा टवका उडालेली दोन नाणी दिसली, तर सरळ उठावे.

‘शेतात सापडले’ असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, पावती देणाऱ्याकडूनच घ्यावे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला मुंजीची भेट म्हणून द्यायचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा.