पाठीतलं पाणी आणि फॉरवर्डवाले

नातेवाइकांच्या ग्रुपवर आज पुन्हा तो मेसेज. 'डॉक्टर पाठीतून पाणी काढायचं म्हणाले तर सही करू नका, माणूस अधू होतो. अमेरिकेत पाठीतल्या इंजेक्शनने बुरशीचा मेंदूज्वर होऊन माणसं गेली.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग. आणि हे आमच्या ग्रुपवर, जिथे माझा आतेभाऊ पाणी काढायच्या त्याच सुईमुळे आज मेसेज वाचायला जिवंत आहे!

अमेरिकेतलं ते खरं आहे, मान्य. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीच्या स्टिरॉइडच्या बाटल्यांत बुरशी गेली, ७५३ लोक आजारी पडले, साठहून जास्त गेले. पण तिथे दूषित औषध आत घातलं होतं. इथे मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी सुईने बाहेर काढतात. एवढा फरक कळत नसेल तर फॉरवर्ड कशाला करता?

भावाची किडनी बदललेली, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू. डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. ताप नाही, मानही आखडलेली नाही. मग काय, कोणी म्हणे चष्म्याचा नंबर, कोणी म्हणे टेन्शन. एकाचं दोन दिसायला लागलं, स्वभाव चिडका झाला, तेव्हा कुठे धावपळ. हा आजार, क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर, असाच दबकत येतो. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मातीत, पक्ष्यांच्या विष्ठेत असते. ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि प्रतिकारशक्ती ढासळली की मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. एचआयव्हीवाल्यांना तर फारच. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, तरी भावाचा पेला वेगळा ठेवणारेही निघालेच.

डॉक्टरांनी पाणी काढायचं म्हटलं आणि आत्या अडून बसली. तिच्यावर राग नाही माझा. पोटच्या पोराच्या पाठीत सुई जाताना कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? राग त्यांचा, जे फोनवरून तिला आणखी घाबरवत होते.

शेवटी भावानेच सही केली. पाण्याचा दाब भलताच वाढलेला होता आणि अँटिजेन तपासणीत, म्हणजे बुरशीचे अंश शोधणाऱ्या तपासणीत, बुरशी सापडली. पाणी काढल्यावर त्याच संध्याकाळी डोकं हलकं झालं. पुढेही दाब चढला की पुन्हा काढायचे, कारण या आजारात ती सुई नुसती तपासणी नाही, उपचारच आहे. दाब तसाच राहिला तर दृष्टी जाते, जीवही जातो. सुईनंतर डोकं दुखू शकतं, आणि मेंदूत गाठीची शंका असेल तर आधी स्कॅन लागतो, हो. म्हणून सहीच करू नका?

मग बुरशीवरची औषधं. आधी अँफोटेरिसिन. किडनीला जड औषध, आणि याची किडनी आधीच उसनी. रोज रक्त तपासायचे. जोडीला फ्लुसायटोसिन, नंतर महिनोन्‌महिने फ्लुकोनाझोल. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. आता एचआयव्हीच्या रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लायपोसोमल (चरबीच्या कणांत भरलेल्या) अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे गोळ्या, असं सुटसुटीत केलंय. आणि फ्लुसायटोसिन? १९५७ मध्ये तयार झालेलं औषध, अजून कित्येक देशांत धड मिळत नाही. यावर एक मेसेज फिरवा की!

घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल आणि डोकेदुखी हटत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, क्रिप्टोकॉकल अँटिजेन करायची का? रक्ताच्या थेंबावरही होते, दहा मिनिटांत. पाणी काढायचं म्हणाले तर काढू द्या. फोनवरचे काका काय म्हणतात ते नंतर ऐका.