म्हणे ६० हर्ट्झला १२ डीबी चढवा!

मागच्या रविवारी भाच्यानं एक रील पाठवली, खाली लिहिलं, "मामा, हे पाहा ना, भारी आहे." संध्याकाळपर्यंत तीच रील आणखी तीन ग्रुपवरून आली. एक गुरुजी सांगतात की ड्रम मशीनची किक, म्हणजे तो खालचा धप्प ठोका, मोबाईलपासून डीजेपर्यंत सारखीच दणकवायची पाच सीक्रेट आहेत: ६० हर्ट्झला १२ डीबी चढवा (म्हणजे खालच्या सुराचा आवाज १२ डेसिबलनं वाढवा), मोबाईलवर वाजली की सगळीकडे वाजते, 'ओरिजिनल ८०८' या जुन्या ड्रम मशीनचा सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) वापरा, किक मोनो ठेवा (डावीकडे-उजवीकडे एकच), आणि चांगला हेडफोन असला की स्पीकर लागतच नाही. मी गप्पच बसणार होतो. पण पोट्ट्यानं हे ऐकून मावसबहिणीच्या हळदीचं गाणं बनवलं आणि ते मानेवाड्याच्या हॉलमध्ये माझ्यासमोर वाजलं.

काय झालं ते सांगतो. पहिल्या ठोक्यालाच सबच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, अ‍ॅम्पचा क्लिपचा (आता झेपत नाही सांगणारा) लाल दिवा लागला, दुसऱ्याला परत, आणि पोरीचा आवाज, ढोलकी, सगळं त्या धप्पमध्ये बुडालं. ऑपरेटर भाऊनं दोन मिनिटं पाहिलं, मग सबचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला आणि विचारलं, "कोनं बनवलं बे हे?" भाचा माझ्या मागे लपला.

१२ डीबी म्हणजे काय हे त्या गुरुजींनी कधी मोजलं का? व्होल्टेज ४ पट, पॉवर जवळपास १६ पट! जिथे अ‍ॅम्प १०० वॅट देत होता तिथे आता १६०० मागताय, तेही प्रत्येक ठोक्याला, आणि क्लिप झालेला सिग्नल तासभर खाल्ला की सबची कॉइल जळते, मग खर्च कोणाचा, तर त्या भाऊचा. आणि ज्या मोबाईलसाठी हे सगळं, त्याच्यावर तर ते ऐकूच येत नाही. सूर निम्म्यावर उतरला की तेवढाच आवाज काढायला स्पीकरचा पडदा ४ पट जास्त हलावा लागतो. म्हणजे ८०० हर्ट्झवरून ५० वर यायचं तर २५६ पट. बोटाच्या नखाएवढा स्पीकर, तो कुठवर हलणार राजेहो! ब्लूटूथ डब्ब्याचं तर आणखी वेगळंच, त्याच्यातला लिमिटर (आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा) दर किकला सगळं गाणं दाबतो, ऐकताना वाटतं गाण्याला दमा झालाय.

मग भाच्याला १२ डीबी बरोबर काऊन वाटले? कारण तो रात्री अकरानंतर मिक्स करतो, बाजूच्या खोलीत आजी झोपलेली, आवाज एकदम बारीक. आणि आवाज बारीक असला की कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. कानाचा हा गुण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलाय, आजचा स्टँडर्ड तक्ता आयएसओ २२६ आहे. त्या तक्त्यात १००० हर्ट्झचा ४० डीबीचा आवाज जेवढा वाटतो, तेवढाच वाटायला ५० हर्ट्झला साधारण ७८ डीबी लागतात. आवाज वाढवत नेला की हे अंतर बरंच कमी होतं. म्हणजे रात्री बारीक आवाजात "किक कमी आहे" म्हणून जे चढवलं, ते हॉलमध्ये डोक्यावर बसतं. हा एक तक्ता पाहिला असता तरी ती रील बनली नसती.

त्यात याची खोली १० बाय १२ फूट, खुर्ची बरोबर मधोमध. १२ फुटांची लांबी साधारण ४७ हर्ट्झला घुमते, १० फुटांची रुंदी ५६ ला, आणि दोन्हीचा घुमारा भिंतीशी सगळ्यात जास्त, मधोमध जवळपास शून्य. ८०८ ची किक नेमकी या दोघांच्या मधली, ५० च्या आसपास. मी त्याला म्हटलं, उठ, कोपऱ्यात जाऊन उभा राहा. राहिला, तिथे किक दणदणली आणि तोंड उघडंच राहिलं. वर मे महिन्यात कूलरची घरघर चालू, त्यात खालचा अर्धा आवाज तसाही झाकलेला असतो.

'मोबाईलवर वाजली की सगळीकडे वाजते' हे तर उलटंच. मोबाईलवर आपण किकची फक्त टकटक ऐकतो, खाली चिखल आहे की काय आहे ते कळतच नाही.

'ओरिजिनल ८०८'? अरे, रोलँडची ती मशीन १९८० ची, तिच्यात सॅम्पल नाहीच, सर्किट घुमवून किक काढतात, आणि तिची शेपूट (ठोक्यानंतर विरत जाणारा आवाज) लांब ठेवली की जवळपास नुसता एकच खालचा सूर उरतो. म्हणजे छोट्या स्पीकरवर सगळ्यात आधी गायब होणारी किक हीच. रोलँडच्याच १९८३ च्या ९०९ मशीनमध्ये किकच्या सुरुवातीला टक् आहे, म्हणून ती त्या मानानं तगते. ८०८च हवी असेल तर तिला थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे आवाज किंचित फाटू द्या, १००, १५०, २०० ला तिचे वरचे सूर तयार होतात आणि ५० प्रत्यक्षात नसला तरी मेंदू तो भरून काढतो. लॅपटॉपवर, बऱ्या डब्ब्यावर हे चालतं. मोबाईलसाठी वर २-४ हजार हर्ट्झला एक बारीक टक् ठेवा, बस.

मोनोचं मात्र बरोबर आहे, मानावं लागेल. फंक्शनला बहुतेक ठिकाणी सबला डावं-उजवं एकत्र करूनच देतात, तेव्हा रुंद केलेली, म्हणजे डावीकडे-उजवीकडे वेगळी ठेवलेली, किक स्वतःलाच खाऊन टाकते. गुरुजींनी कारण वेगळंच काहीतरी सांगितलंय, जाऊ द्या.

हेडफोनमध्ये खोली नसते, एवढा त्याचा फायदा खरा. पण छातीत धक्का कुठून आणणार?

काल परत फाईल आली. "मामा, १२ काढले." उघडून पाहिलं तर ९ आहेत.